उसनी ऊब
थंडी गेली की परत येणार?

फेब्रुवारीच्या दोन तारखेस प्रभू येशूच्या मंदिरातील समर्पणाचा सण येतो. नाताळापासून मोजू लागल्यास हा चाळिसावा दिवस. त्या दिवशी मिस्साबलिदानापूर्वी मेणबत्त्यांना आशीर्वाद देण्यात येतो आणि पेटत्या मेणबत्त्या हाती घेऊन भाविक मिरवणुकीने चर्चमध्ये प्रवेश करतात. बेळगाव व निपाणी यांच्या दरम्यानच्या आमच्या या भागात ही मिरवणूक पाहताना एक मौज दृष्टीस पडते. एखाद्या वर्षी सारी मंडळी मफलर, घोंगडी आणि शाली लपेटून, ज्योतीवर हात शेकीत येतात. तर एखाद्या वर्षी तीच मंडळी नुसत्या सदऱ्यावर येतात आणि वाकळा पेटीत गेल्याच्या गोष्टी करतात. ज्या वर्षी असे सदऱ्याचे हवामान असते, त्या वर्षी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायरीवर एक प्रश्न हमखास विचारला जातो: "काय ओ फादर, थंडी गेली म्हणायची का?"

प्रश्न साधा दिसतो. पण विचारणाऱ्याच्या मनात त्याचे मोल पुष्कळ असते. वेदगंगेच्या, दूधगंगेच्या किंवा हिरण्यकेशीच्या पाण्यावर ज्यांचे मळे आहेत, त्यांना त्या सुमारास उन्हाळी शेंगा टोकायच्या असतात. कृषी विद्यापीठांची शिफारस अशी की, उन्हाळी भुईमुगाची पेरणी जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, परंतु थंडी ओसरल्यावर करावी. रात्रीचे किमान तापमान १८ अंश सेल्सिअसच्या वर असावे. गारठलेल्या मातीत दाणा फुगतो, पण कोंब वर येत नाही. आणि ओल्या मातीत फार दिवस पडून राहिलेला दाणा बुरशीने कुजतो. थंडीच्या भीतीने पेरणी फारच लांबविली, तर काढणी जूनच्या पावसात सापडते. म्हणजे घाई केली तरी तोटा आणि विलंब केला तरी तोटा! एकरी चाळीस-पन्नास किलो दाणे मातीत घालायचे, ते या एका प्रश्नाच्या उत्तरावर.

आमची चूक

या प्रश्नाला एकदा आम्ही मोठ्या विश्वासाने उत्तर दिले होते. ती हकिकत सांगण्यात आम्हांस भूषण नाही. तथापि या लेखाचे मूळ तिच्यातच असल्यामुळे ती सांगणे प्राप्त आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारी संपत आला होता. आठवडाभर आभाळ भरून होते. पहाटे उठावे तर गारव्याचा लवलेश नाही. दोन वेळा तर मध्यरात्री आम्ही अंगावरील कांबळे दूर सारले. रविवारी मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एका वयस्क शेतकऱ्याने नेहमीचा प्रश्न केला. जवळच त्याची पत्नी उभी होती. बियाण्यासाठी सोसायटीतून उचल घेऊन झाली होती आणि वाफसाही चांगला होता. आम्ही सेमिनरीत थोडेबहुत विज्ञान शिकलेलो, रोज वर्तमानपत्र वाचणारे, आम्ही हसून म्हणालो, "काका, थंडी गेली. आता टोका खुशाल." ती माउली म्हणाली, "फादरांनी सांगितलं, आता काय इचार करायचा?" दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मळ्यात टोकणणी सुरू झाली.

चौथ्या दिवशी आभाळ निवळले. त्या रात्री चांदण्या विलक्षण स्वच्छ दिसत होत्या. पहाटे उठलो तो हाताची बोटे वळेनात. पुढे दहा-बारा दिवस तोच कडाका. शेंगांची उगवण अर्धीमुर्धी झाली. सरीत जागोजाग नांग्या पडल्या, त्या भरण्यासाठी पुन्हा बी आणावे लागले. पुढल्या रविवारी ते दांपत्य नेहमीप्रमाणे मिस्साला आले. आम्ही ओशाळून क्षमा मागू लागलो, तेव्हा काका म्हणाले, "तुमची काय चूक फादर? आभाळ कुणाच्या हातात हाय?"

त्यांच्या त्या उदारपणाने आम्हांस अधिकच टोचणी लागली. आभाळ कोणाच्या हाती नाही हे खरे. पण जीभ तर आमच्या हाती होती ना? ज्या विषयाचे ज्ञान नाही त्या विषयात धर्मगुरूचा शब्द हा एखाद्या जाणत्याचा शब्द म्हणून स्वीकारला जातो, ही जबाबदारी आम्ही विसरलो होतो. त्या दिवसापासून आमच्या निवासाच्या उत्तरेकडील पडवीत एक तापमापक टांगला आहे व शेजारी एक वही आहे. आणि त्या दिवसापासून आम्ही या प्रश्नाचा थोडा अभ्यासही केला आहे. त्यात जे हाती लागले, ते आमच्या कुटुंबांपुढे ठेवीत आहोत.

म्हणी काय सांगतात?

थंडी केव्हा जाते, याविषयी आपल्याकडे म्हणींची उणीव नाही. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, असे वडीलधारी माणसे सांगतात. शिवरात्रीला थंडी "शिव, शिव" म्हणत निघून जाते, असे आपले मराठी शेजारी म्हणतात आणि कानडी शेजारीही अगदी तेच म्हणतात. त्यानंतर 'होळी जळाली, थंडी पळाली' हे तर पोरासोरांनाही पाठ आहे. या म्हणी अनेक पिढ्यांच्या अनुभवातून निघाल्या आहेत. त्यांना हसणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे. परंतु त्यांच्याकडून कोणते काम घ्यावे आणि कोणते घेऊ नये, हे मात्र कळले पाहिजे.

प्रथम संक्रांत पाहू. सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरचा. सूर्याचे उत्तरेकडे वळणे खरे म्हणजे तेव्हाच घडते. प्राचीन काळी मकरसंक्रमण व हे वळण एकाच सुमारास येत असे. पृथ्वीच्या अक्षाच्या मंद भ्रमणामुळे या दोहोंत सुमारे ७२ वर्षांस एक दिवस या गतीने अंतर पडत गेले आणि आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते. दिवस वाढू लागले म्हणजे थंडी तत्काळ ओसरते असेही नाही. चुलीतला जाळ वाढविला तरी हंड्यातील पाणी तापण्यास वेळ लागतो. तद्वत जमिनीलाही तापण्यास काही आठवडे लागतात. म्हणून वर्षातील सर्वांत लहान दिवस उलटून गेल्यानंतरही कडाक्याच्या रात्री येतच राहतात.

शिवरात्र ही तर चांद्र तिथी. २०२१ साली ती ११ मार्चला आली, २०२६ साली १५ फेब्रुवारीला. जवळजवळ एका महिन्याचे अंतर! थंडी जर खरोखरच शिवरात्रीची वाट पाहत असती, तर एका वर्षी तिने महिनाभर अधिक मुक्काम केला असता. तेव्हा या म्हणी तारखा सांगत नाहीत. त्या ऋतूची ढोबळ दिशा सांगतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत केव्हातरी थंडीचा जोर मोडतो, एवढेच त्यांचे सांगणे आहे आणि तेवढे ते खरे आहे. बेळगावच्या अक्षांशावर २२ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ५१ अंश वर असतो, तर फेब्रुवारी संपताना तो सुमारे ६६ अंशांवर पोहोचतो; दिवसही तोपर्यंत सुमारे चाळीस मिनिटांनी वाढलेला असतो. या वाढत्या उन्हापुढे थंडी फार काळ टिकाव धरीत नाही. पण 'या ऋतूत थंडी जाईल' हे सांगणे वेगळे आणि 'येत्या आठवड्यात परत येणार नाही' हे सांगणे वेगळे. काकांना हवे होते ते दुसरे उत्तर.

युरोपातील मेणबत्त्यांचा सण

आश्चर्य असे की, ज्या सणाला आमच्या पायरीवर हा प्रश्न येतो, त्याच सणाला युरोपातील ख्रिस्ती शेतकरीही शेकडो वर्षे हाच प्रश्न विचारीत आले. तिकडे हिवाळ्यात मधूनच बर्फ वितळते, चार दिवस ऊब पडते आणि लोकांस वाटते, वसंत आला. आणि मग पुन्हा हिम पडते. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी या देशांत अशी समजूत रूढ झाली की, मेणबत्त्यांच्या सणाला लख्ख ऊन पडले तर हिवाळा अजून बराच शिल्लक आहे; आभाळ भरलेले असले तर हिवाळा सरला. जर्मन शेतकरी म्हणत की, त्या दिवशी बिज्जू बिळाबाहेर येतो आणि उन्हात स्वतःची सावली पाहून पुन्हा आत शिरतो. हे लोक अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात जाऊन वसले, तेव्हा बिज्जूऐवजी तेथे बिळात राहणारा ग्राउंडहॉग नावाचा प्राणी त्यांनी या कामी नेमला. पंक्सटॉनी नामक गावी १८८७ पासून आजतागायत दर २ फेब्रुवारीला त्या प्राण्यास बाहेर काढून हिवाळ्याचे भाकीत ऐकण्याचा मोठा सोहळा होतो. अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याने त्याची भाकिते प्रत्यक्षाशी ताडून पाहिली, तेव्हा निम्म्याहून कमी खरी ठरली. नाणे उडवून कौल घेतला असता तरी याहून बरा निकाल लागता!

आणि तारखेचे काय? १५८२ साली पोप तेरावे ग्रेगोरी यांनी पंचांग शुद्ध केले, तेव्हा ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर धरण्यात आला. मधले दहा दिवस गळाले. म्हणजे पूर्वीचा २ फेब्रुवारी आणि नंतरचा २ फेब्रुवारी हे सूर्याच्या हिशेबाने एक दिवस नव्हेत. तरी समजूत मात्र त्याच तारखेला चिकटून राहिली. आपल्या संक्रांतीसारखीच गत!

तथापि या युरोपीय समजुतीत एक सत्य दडलेले आहे आणि तेच आमच्या उपयोगाचे आहे. निरभ्र आकाश म्हणजे थंडी. ढगाळ आकाश म्हणजे ऊब. हे त्यांनी अचूक पाहिले होते. चूक झाली ती एका दिवसाच्या आकाशावरून पुढील चाळीस दिवसांचा निवाडा करण्यात. आमचीही चूक हीच होती.

रात्रीची वाकळ

दिवसा जमीन उन्हाने तापते. रात्री हीच उष्णता ती आकाशाकडे परत सोडीत असते. आकाशात ढग असले, हवेत बाष्प असले, तर त्यातील पुष्कळ उष्णता अडते व खाली परतते. जणू जमिनीवर कोणी वाकळ पांघरली आहे. आकाश स्वच्छ, हवा कोरडी व वारा शांत असला, तर वाकळ नाही, भिंतीही नाहीत. सारी उष्णता निघून जाते आणि पहाटे गारठा पडतो. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या वर्षी पहाटे दवबिंदू गोठल्याचे आपण वाचतो. त्या वेळी हवेतला पारा शून्याच्या वरच असतो, पण उघड्या आकाशाखालील पाने हवेहूनही अधिक थंड झालेली असतात.

या विषयात आपल्या देशातील एका शास्त्रज्ञाचे नाव जगभर घेतले जाते. डॉ. एल. ए. रामदास यांनी १९३२ साली दाखवून दिले की, शांत व निरभ्र रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत थंड हवा ही जमिनीला लागून नसून तिच्यापासून वीतभर ते हातभर उंचीवर असते. प्रथम कोणास हे पटेना. पण पुढे ते सिद्ध झाले आणि हवेच्या त्या थरास त्यांचेच नाव मिळाले. त्याच वर्षी पुण्यास हवामान खात्याचा कृषिविषयक विभाग सुरू झाला, त्याची धुराही त्यांच्याकडेच होती. कोवळ्या रोपट्यांचे शेंडे नेमके कोठे गारठतात, हे यावरून ध्यानी यावे. शिवाय थंड हवा जड असल्यामुळे पाण्यासारखी उताराने वाहते व सखल जागी साचते. माळावरील घराच्या अंगणात उबदार वाटले, तरी नदीकाठच्या मळ्यात तीच पहाट पुष्कळ अधिक थंड असू शकते. काकांचा मळा नदीकाठी होता आणि आम्ही उत्तर दिले ते टेकाडावरील चर्चच्या पायरीवर उभे राहून!

आता प्रश्न येतो की, ही ढगांची वाकळ येते कोठून? आमच्याकडे ती मुख्यतः दोन वाटांनी येते. एक वाट पूर्वेची. बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन वारे येतात, आभाळ भरते, रात्री उबदार होतात, कधी पाऊसही शिंपडतो. निपाणीकडील मंडळींना या वाटेची धास्ती असते. कारण बिडीचा तंबाखू त्या दिवसांत उन्हात वाळत पडलेला असतो. दुसरी वाट दूर वायव्येची. भूमध्य समुद्राकडून निघून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडीत पश्चिमी चक्रावात नावाची वादळी वावटळ काश्मीरपर्यंत येते. हिवाळ्यात अशा वावटळी महिन्यास साधारणतः चार ते सहा येतात. ती येत असताना तिच्यापुढे उबदार वारे वाहतात आणि थंडी मोडते. ती हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकली म्हणजे तिच्या पाठीमागून उत्तरेचे थंड, कोरडे वारे राजस्थान व मध्य प्रदेशावरून महाराष्ट्राकडे उतरतात. आमच्यापर्यंत पोहोचेतो त्यांची धार बोथट झालेली असते. तरी आकाश स्वच्छ असल्यास तेवढी पुरते. म्हणजे या दुसऱ्या प्रकारची ऊब ही थंडी गेल्याची खूण नसून, पुष्कळदा थंडी वाटेवर असल्याचीच वर्दी असते.

यावरून आम्ही एक गोष्ट शिकलो आणि ती या लेखाचे सार आहे. ऊब पडली म्हणजे ती किती पडली हे विचारू नये. ती कोणाची आहे हे विचारावे. ढगांनी दिलेली ऊब उसनी असते. सावकार आला की ती परत द्यावी लागते. वाढत्या उन्हाने जमिनीत मुरविलेली ऊब मात्र जमिनीची स्वतःची असते. ती एका रात्रीत कोणी नेत नाही. ढगाळ रात्री अंग उबदार राहिले यावरून काहीच सिद्ध होत नाही. आकाश निरभ्र आहे, चांदण्या स्वच्छ आहेत, वारा पडला आहे आणि तरीही पहाट उबदार आहे, अशा तीन-चार पहाटा लागोपाठ आल्या, तर थंडीचा जोर मोडू लागला असे मानण्यास आधार मिळतो.

आंब्याचीही फसगत

माणूस फसला तर त्यात नवल नाही, झाडेही फसतात. आंबोलीचा घाट उतरून कोकणात जावे. तेथे आंब्याला मोहर येण्यास थंडी हवी असते. जानेवारीपर्यंत मोहर येतो, फळ धरते, कैरी वाटाण्याएवढी होते. मध्येच ऊब पडते आणि झाड फळे पोसण्याच्या उद्योगाला लागते. इतक्यात फेब्रुवारीत पुन्हा थंडी आली, तर त्याच काडीवर नवा मोहर फुटतो. झाडाचा अन्नरस नव्या मोहराकडे वळतो आणि धरलेली कोवळी फळे गळून जातात. बागायतदार याला पुनर्मोहर म्हणतात व त्याच्या भीतीने फेब्रुवारीच्या थंडीकडे डोळ्यांत तेल घालून पाहतात. शंभर हिवाळे पाहिलेल्या कलमालाही जर परतणारी थंडी आधी कळत नाही, तर बिळातील प्राण्यास किंवा पडवीतील धर्मगुरूस ती कशी कळावी?

शास्त्राचे बोलणे व त्याची मर्यादा

मग कोणास कळते? भारताचे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. पुण्याचे त्याचे कार्यालय १९२८ पासूनचे. आज उपग्रह, देशभरची निरीक्षणकेंद्रे व प्रचंड गणकयंत्रे यांच्या साहाय्याने हे खाते जे अंदाज देते, त्यातील पुढील तीन ते पाच दिवसांचा अंदाज पुष्कळ विश्वासार्ह असतो. २०१९ पासून 'मेघदूत' नावाच्या मोबाईल अॅपवर आपल्या जिल्ह्याचा अंदाज व शेतीचा सल्ला घरबसल्या मिळतो. शिवाय खाते दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा एक दूरचा अंदाज प्रसिद्ध करते. त्यात मात्र अमुक दिवशी अमुक तापमान असे नसते. रात्री सरासरीहून थंड राहण्याकडे कल आहे की उबदार, इतकेच असते. 'थंडीची लाट' हा शब्द वर्तमानपत्रे सढळ हाताने वापरतात. पण मैदानी प्रदेशात खात्याचा दंडक असा की, किमान तापमान १० अंशांवर वा त्याखाली उतरले पाहिजे आणि ते सरासरीहून साडेचार अंश वा अधिक घसरले पाहिजे. बेळगावची जानेवारीतील सरासरी पहाट चौदा अंशांच्या आसपास असते. तेव्हा शेंगांच्या बियाण्यास इजा होण्यासाठी लाटेची आवश्यकता नाही. नेहमीची थंडीही पुरे.

चाळीस दिवसांपुढचे सांगणारे यंत्र अद्याप का निघाले नाही? १९६३ साली अमेरिकेतील एडवर्ड लॉरेंझ या शास्त्रज्ञाने दाखविले की, वातावरणाची आजची स्थिती मोजण्यात केसाएवढी चूक राहिली, तरी दिवसागणिक ती वाढत जाऊन काही काळाने सारा अंदाज निरुपयोगी करते. दिवसवार अंदाजाची मर्यादा यावरून सुमारे दोन आठवड्यांची मानली जाते. हा कोणाच्या आळसाचा दोष नव्हे. निर्मितीचा स्वभावच तसा आहे. आपल्या प्रभूनेही लोकांना उद्देशून म्हटले होते की, पश्चिमेला ढग दिसला तर पाऊस येईल आणि दक्षिणेचा वारा सुटला तर उकाडा होईल, हे तुम्हांला कळते. त्याने त्या ज्ञानाला नाकारले नाही. पण त्याचे हे उदाहरण पाहावे तर तेही जवळच्या आकाशाविषयीचेच आहे.

घरी काय करावे?

एवढ्या विवेचनावरून आमच्या कुटुंबांनी चार साध्या गोष्टी ध्यानी ठेवाव्यात.

पहिली: जानेवारीत आलेली ढगाळ ऊब ही उसनीच समजावी. आभाळ निवळेपर्यंत थांबावे आणि निवळल्यानंतरच्या तीन-चार पहाटा पाहून मग निर्णय करावा.

दुसरी: अंगावरून न ठरविता मातीवरून ठरवावे. पहाटे मळ्यात जाऊन चार बोटे खोल माती उकरून हात लावावा. तापमापक असल्यास तो तेथे रोवावा. हवा एका रात्रीत पालटते, माती सावकाश पालटते. बियाण्याला राहायचे आहे ते मातीत. तपासणी सखल बाजूस करावी, बांधावर नव्हे.

तिसरी: टोकण्याच्या दिवशी पुढील पाच दिवसांचा सरकारी अंदाज अवश्य पाहावा. घरातील शाळकरी मुलास हे काम सोपवावे. त्याला आनंद होईल व आजोबांनाही उपयोग होईल. सोय असल्यास सारे बी एकदम न टोकता दोन वेळा टोकावे, म्हणजे एक घाव सारे घर घेत नाही.

चौथी गोष्ट मायबहिणींसाठी. वाकळा धुवून पेटीत ठेवण्याची घाई करू नये. चार उबदार रात्रींनंतर अकस्मात गारठा आला म्हणजे तो म्हाताऱ्यांना व दमेकऱ्यांना फार बाधतो. तान्ह्या बाळाचे टोपडे होळीपर्यंत हाताशी असू द्यावे. म्हणीचा एवढा मान ठेवण्यास काहीच हरकत नाही!

पुन्हा पायरीवर

यंदाही मेणबत्त्यांचा सण झाला. आभाळ भरून होते आणि मंडळी सदऱ्यावरच आली होती. मिरवणूक संपली, मिस्सा झाली आणि तेच काका पायरीवर येऊन उभे राहिले. आता ते अधिक थकले आहेत. मळा मुलगा पाहतो. तरी त्यांनी विचारलेच, "काय ओ फादर, थंडी गेली म्हणायची का?" त्यांच्या डोळ्यांत थोडी मिस्किली होती.

आम्ही म्हणालो, "काका, ही ऊब ढगांची आहे. आभाळ निवळू दे, मग तीन पहाटा बघू. पाच दिवसांपुढचं मला कळत नाही."

"मग थांबतो की," काका म्हणाले. "मलाबी तसंच वाटत होतं."

त्या दिवशीच्या शुभवर्तमानात वृद्ध शिमोन व हन्ना यांची कथा वाचली होती. दोघेही वाट पाहत राहिले. तो दिवस कोणत्या तारखेला उगवेल, हे त्यांना ठाऊक नव्हते. उगवला तेव्हा मात्र त्यांनी तो ओळखला, कारण ते जागे होते. काका हातातली मेणबत्ती फुंकर घालून विझवू लागले. मग काय वाटले कोण जाणे, त्यांनी वात चिमटीने विझविली, उरलेली मेणबत्ती सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "पहाटे मळ्यात माती बघायला जायचं म्हटल्यावर उजेड लागंलच की."

चौथ्या दिवशी आभाळ निवळले आणि थंडी परत आली. त्या वेळी शेंगांचे बी पोत्यातच होते.